जिची जट तिले इचारा

मले राग लवकर येते, हे आधीच सांगून ठेवते. चाळीस लेकरांची अंगणवाडी चालवणाऱ्या बाईले राग नाई येणार तं काय झोप येणार? त्यातून छप्पन साली नागपूरले दीक्षा झाली तवा मी अकरा वर्षांची होती. मायचा पदर धरून उभी होती अन् एकेक प्रतिज्ञा माह्या स्वतःच्या तोंडानं, मोठ्यानं म्हटली होती. तवापासून कोणाच्या अंगात आलं, कोणाले जट आली असं आयकलं का माह्यं डोकंच फिरते.

जट म्हणजे काय, तं केसांचा गुंता. पोरीले ताप येते, महिना महिना फणी लागत नाई, केस एकमेकात चिकटत जाते, अन् मंग घरचे म्हणते देवी आली. झालं! ते कापाची नाई, धुवाची नाई, जलमभर वागवाची. आरमोरीच्या पुढं आमचं गाव. तिथी अन् आजूबाजूले मी अशा चार बायांच्या जटा कापल्या होत्या. पाचवी होती कांता.

कांता म्हणजे धानवाल्या बायनाबाईची पोरगी. सतरा वर्षांची, दहावी पास. नऊ वर्षांची असताना तिले विषमज्वर झाला, त्यातून उठली तं डोक्यावर जट. बायनाबाईनं एक दिवस फणी घालून सोडवाले पाह्यलं, अन् त्याच दिवशी धानाच्या बांधीत तिच्या नवऱ्याले साप चावला. गेला बिचारा. तवापासून बायनाबाईचं एकच, पुन्हा जटेले धक्का लागला तं माह्या इसरूचा नंबर. इसरू कांताचा मोठा भाऊ. मी आठ महिने त्या घराचे उंबरे झिजवले. कांताले गडचिरोलीहून नर्सच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं होतं, मंगळवारी मुलाखत होती. तिथल्या बाईनं साफ सांगितलं होतं का डोकं स्वच्छ पायजे, पोरींले दवाखान्यात उभं राहा लागते. कांताच्या पुऱ्या आयुष्याचा प्रश्न होता, बापा. शेवटी बायनाबाई कशीबशी 'हव' म्हणाली. रविवार ठरला.

मंग मी का अशीतशी सोडते? शाळेच्या पटांगणात मांडव सांगितला. लाऊडस्पीकर सांगितला. तालुक्याच्या साहेबाले बोलावलं. शाळेच्या भिंतीवर गेरूनं हे मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, 'रविवारी सकाळी कु. कांता हिची जट कापण्याचा जाहीर कार्यक्रम. सर्वांनी यावे.' माह्यं भाषण आठ पानी होतं. त्यात 'प्रगती' हा शब्द मी मोजून अकरा वेळा घातला होता.

शुक्रवारी दुपारच्या एस्टीनं माहा पोरगा गुलाब आला. नागपूरच्या शेतकी कॉलेजात तिसऱ्या वर्षाले होता, दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या. संगं होस्टेलातला एक दोस्त. उंच, आमच्या सगळ्यांहून काळा, हसरा पोरगा, अन् डोक्यावर एक नाई, दोन नाई, कमरेपर्यंत शंभर जटा!

मी हातातलं सूप खाली ठेवलं अन् कात्री पाह्याले आत गेली.

"माय, थांब!" गुलाब मागं धावला. "तो बुवा नाई. वेस्ट इंडीजकडचा हाये, जमैकाचा. माह्याच वर्गात शिकते."

"शिकते अन् डोक्यावर हे घेऊन फिरते? अन् तुले लाज नाई वाटली बे, बौद्धाच्या घरात बुवा आणाले?"

पाहुणा खाली वाकला अन् नागपुरी हिंदीत म्हणाला, "माँ, गुस्सा मत करो. मैं बुवा नहीं, रास्ताफारी हूँ."

रास्ताफारी हा त्याच्याकडला एक पंथ, त्यात केस कापत नाई, असं गुलाबनं सांगितलं. पाहुण्याचं नाव डेलरॉय. ते कोणाच्या तोंडात बसेना. सांजेपर्यंत गावानं त्याचा देवराव करून टाकला होता, अन् तोबी देवराव म्हटलं का 'ओ' देऊन राह्यला होता. पाहुणा म्हणून मी कोंबडं कापलं, तं म्हणते मांस खात नाई. बरं, अंड्याची भाजी करते म्हटलं, तं अंडंबी नाई. दारू नाई. मीठसुद्धा नाई! अळणी वरण-भात मिटक्या मारत खाल्ला. गांजाचं मी आधीच इचारून घेतलं. तो म्हणाला, आमच्याकडं ती पूजाच समजते. मी म्हटलं, माह्या घरात असली पूजा चालत नाई. "ठीक है माँ," म्हणाला, अन् खरंच चार दिवस चहावर काढले. माणूस गुणाचा होता, तेवढं मानलं पायजे.

जेवताना मी त्याले सोडलं नाई. तुमचा देव कोण, इचारलं. तं म्हणे, इथिओपियाचा राजा.

"अरे, तो तं मेला का गा?" मी म्हटलं. "पेपरात आलं होतं."

"मरा नहीं," तो म्हणाला.

"हेच इकडलेबी म्हणते! सगळ्यांचा देव जित्ताच असते."

तो खदखदा हसला. मंग सांगाले लागला. आमच्या पणज्या-खापरपणज्याले जहाजात साखळीनं बांधून नेलं, ऊस तोडाले लावलं. देव गोरा, येशू गोरा, मास्तर गोरा, अन् शाळेच्या पुस्तकात लिवलेलं का आमचं बेट गोऱ्यानंच शोधलं. आम्ही का तिथी हरवून बसलो होतो? मंग आमचे म्हातारे म्हणाले, आपल्या रंगाचा देव पाहू. जे डोक्यावर बसून राहते अन् वरतून म्हणते का हे तुमच्या भल्यासाठीच हाये, त्या सगळ्याले आम्ही बाबिलोन म्हणतो.

"आमच्या डोक्यावरबी बसून होते," मी म्हटलं. "आम्ही तं देवाचाच नाद सोडला."

"माँ, तुम लोग हमसे भी आगे," तो म्हणाला, अन् अजून भात मागितला. मले तो आवडाले लागला होता, पण त्या जटा पाह्यल्या का पुन्हा चिडचिड व्हाची. केस माणसानं इंचराले पायजे, मंग देव कोणताबी असो.

शनिवारी सकाळपासून माह्या आंगणात बाया. कोणी हळदकुंकू आणलं, कोणी नारळ, एकीनं तं पायाले हात लावाले लेकरू आणलं. मी झाडू घेऊन दारात उभी. देवराव सगळ्यांले उलटा नमस्कार करून राह्यला होता, अन् गुलाब पोट धरून हसून राह्यला होता.

दहाच्या सुमाराले बायनाबाई आली. तिच्या हातात नारळ, मागं कांता डोक्यावरून पदर घेऊन, अन् तिच्या मागं इसरू.

"अंजनाबाई," ती म्हणाली, "उद्याचं रद्द करा."

मी झाडू बाजूले ठेवला. "काऊन वो?"

"तुम्हीच म्हणत होत्या ना, जट असली का शिक्षण होत नाई? हा पाहा. समिंदरापल्याडून आला, कॉलेजात शिकते, अन् जटा कमरेपर्यंत. दारू नाई, मांस नाई. ह्याची शंभर चालते तं माह्या पोरीची एक काऊन नाई चालत?"

आठ महिने मी तिले जे समजावलं ते ह्या पोट्ट्यानं एका दिवसात, तोंड न उघडता, पाण्यात घातलं. मंगळवार तीन दिवसांवर होता. कांता खाली मान घालून उभी होती, मले तिच्याकडं पाहवेना.

"तुह्यापायी झालं ना रे हे!" मी देवराववरच घसरली. "आता तूच निस्तर!"

गुलाबनं त्याले सगळी गोष्ट सांगितली. देवराव हसाचा थांबला. त्यानं बायनाबाईले जवळ बोलावलं अन् हळूहळू हिंदीत सांगाले लागला.

"मी बारा वर्षांचा होतो. शाळेत हेडमास्तरनं सांगितलं, एक तं केस, नाई तं शाळा. मी म्हटलं केस माहे, शाळाबी माही. त्यानं दोघांले मले धराले लावलं अन् स्वतः कात्री चालवली. सगळ्या कापल्या."

बायनाबाईचा हात तोंडावर गेला. "सगळ्या? मंग कोण मेलं?"

"कोणीच नाई."

"तुही माय?"

"मजेत हाये. मासोळी विकते."

"भाऊ?"

"तीन हायेत. तिघंबी जाडे."

"अन् तो मास्तर? कापणारा?"

"त्याले बढती मिळाली, माँ."

आंगणातल्या बाया हसल्या. बायनाबाई हसली नाई. ती त्याच्याकडं टक लावून पाहून राह्यली होती. मी आठ महिने तिले सांगितलं होतं का साप सापाच्या जागी चावते, जटेचा काई संबंध नाई. पण मी पडली बिना जटेची. हा माणूस जट कापून घेऊन जगून आलेला होता.

मी मनात म्हटलं, जिंकली रे अंजना! पण देवरावचं संपलं नव्हतं.

"पण एक गोष्ट हाये," तो म्हणाला. "तो हेडमास्तर कापताना म्हणे, हे तुह्या भल्यासाठीच, तुह्या प्रगतीसाठी. ते मी अजून इसरलो नाई. कोणी मेलं नाई, पण मले वाटलं मीच काई उरलो नाई. मंग मोठा झाल्यावर मी शपथ घेतली, माह्या तोंडानं, अन् पुन्हा वाढवल्या. ह्या देवीनं नाई दिल्या. ह्या मी ठेवल्या."

माह्या कानशिलात कोणी मारल्यावाणी झालं. अकरा वेळा, बापा. माह्या भाषणात अकरा वेळा.

तो कांताकडं वळला. "ये जट किसने रखी?"

"देवीनं," बायनाबाई म्हणाली.

"अज्ञानानं," मी म्हटलं.

"आप दोनों को नहीं पूछा," तो म्हणाला.

कांता बोलत नसे, हे गावाले ठाऊक होतं. मी तिच्या घरी आठ महिने गेली, पण बोलाची ते तिच्या मायसंगं. पोरगी चहा आणाची अन् आत जाची. आता सगळं आंगण तिच्याकडं पाहून राह्यलं होतं. तिनं पदर डोक्यावरून काढला अन् खांद्यावर घेतला.

"मी नाई ठेवली," ती म्हणाली. "मी नऊ वर्षांची होती, मले कोण इचारते? अन् बाई, उद्या कापाची हाये तेबी तुम्ही मले इचारलं नाई. मी भिंतीवर वाचलं. बाजाराले जाऊन राह्यली होती तं माह्यं नाव दिसलं, गेरूनं लिवलेलं. पोट्टे वाचून हसून राह्यले होते."

मले जमीन फाटून पोटात घेईल तं बरं, असं झालं. अकरा वर्षांची असताना मी माह्या तोंडानं बोलली म्हणून जलमभर ताठ चालली, अन् ह्या पोरीच्या वतीनं मीच बोलत बसली होती. मायनं तिच्या डोक्यावर देवी बसवली, मी कार्यक्रम बसवला.

"चुकलं माह्यं, कांता," मी म्हटलं. सगळ्या गावासमोर म्हटलं. मले माफी मागाची सवय नाई.

"मंग आता इचारा ना," ती म्हणाली.

"काय करतं व तू?"

"कापते. मले नर्स व्हाचं हाये. पण मांडवात नाई, साहेबापुढं नाई. इथीच. अन् मीच कापते." मंग मायकडं वळून म्हणाली, "माय, भेव मलेबी वाटते. पण देवीले राग आला तं ज्यानं कापली त्याच्यावर येईल ना? इसरूदादाचा काय गुन्हा?"

बायनाबाईनं नारळ खाली ठेवला अन् इसरूचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. इसरू चोवीस वर्षांचा, मिशीवाला, धानाचं पोतं एकट्यानं उचलणारा गडी. तो मायजवळ मुकाट्यानं खाली बसला.

मी कात्री आणून कांताच्या हातात दिली. शिंप्याची मोठी कात्री, तरी जट मनगटाएवढी जाड, एका घावात थोडीच कटते? तिनं डाव्या हातानं धरली अन् मागं हात नेऊन करकर कापाले लागली. मधात थांबली, हात झटकला, पुन्हा लागली. मदतीले जावं म्हणून माहे हात शिवशिवत होते, पण मी ते पदरात गुंडाळून बसली. बायनाबाईचे डोळे गच्च मिटले होते अन् इसरूचं मनगट पांढरं पडलं होतं.

जट खाली पडली.

बायनाबाईनं एक डोळा उघडला. इसरूकडं पाह्यलं, खालून वर, वरून खाली. "कसं वाटते गा, बापू?"

"भूक लागली," इसरू म्हणाला.

अख्खं आंगण हसलं. देवराव तं इतका हसला का त्याच्या जटा हालाले लागल्या. बायनाबाई रडत होती अन् हसतबी होती. दुसऱ्या दिवशी मांडव नुसताच उभा राह्यला, साहेब आले ते चहा पिऊन गेले, अन् माहे आठ पानं मी चुलीत घातले. भिंतीवरचं नाव मी स्वतः चुना लावून पुसलं. पण ते उद्याचं. त्या वेळी कांतानं दोन्ही हात डोक्यात घातले अन् डोळे मिटून खसाखसा डोकं खाजवलं, आठ वर्षांची खाज एकदम, अन् खाजवता खाजवता मोठमोठ्यानं हसाले लागली. ती पोरगी अशी हसते हे गावाले ठाऊकच नव्हतं.

बायनाबाई उठली अन् माह्याच घरातून, मले न इचारता, तेलाची वाटी घेऊन आली. पोरीच्या मागं बसली. हात वर उचलला, अन् तो तसाच थांबला. तवा मले समजलं. देवीचं डोकं म्हणून आठ वर्षं तिनं आपल्या लेकीच्या डोक्याले हात लावला नव्हता. कुरवाळलं नव्हतं, का रागानं टपली मारली नव्हती.

"लाव ना वं, माय," कांता म्हणाली.

बायनाबाईनं तेलाचं बोट हळूच टाळूवर टेकवलं, तापल्या तव्याले लावावं तसं.

"जोरानं लाव."

"दुखेल, बाई."

"दुखू दे."