लाल्या हौदात गेला

पाळण्यातलं बाळ नुकतंच झोपलं होतं. घर कसं चिडीचूप. तेवढ्यात मागच्या पायरीवर बादलीची कडी खणकन वाजली आणि ती पाळण्यापाशीच थबकली. सासरे आज पुन्हा मेलेले मासे काढत होते.

अंगणातला सिमेंटचा हौद म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बाबा माझ्याशी बोलत नाहीत एवढं त्या गोल्डफिशशी बोलतात, असं नवरा चिडवायचा. आता त्यातले निम्मे गेले होते. सासरे स्वतःलाच बोल लावत होते: नळाचं पाणी तसंच सोडलं, दोन दिवस साठवून ठेवायला हवं होतं, आपल्याच हातानं जीव घेतला. जेवणावरची वासनाच उडाली होती त्यांची.

खरं काय ते तिला ठाऊक होतं, आणि तिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

बाळ पोटात असताना घरातल्या काचेच्या टाकीत साथ आली होती. माशांचे कल्ले पांढरेफटक, सगळे तळाशी बसलेले. दुकानदाराने हीटर लावून पाणी चांगलं कोमट ठेवायला सांगितलं. ह्या विषाणूला ऊब सोसत नाही म्हणे. एकच वाचला, थोरल्या लेकीचा लाल्या. "बरा दिसतोय वहिनी, पण रोग अंगात झोपलाय," दुकानदाराने बजावलं होतं. "पाणी गार झालं की उठेल. दुसऱ्या माशांत सोडू नका." मग बाळ आलं, जागरणं आली, टाकी घासायचं त्राण उरलं नाही. तिने लाल्याला हौदात सोडलं. पुढे थंडी पडली. लाल्या अजून टुणटुणीत होता. मरत होते ते बाकीचे.

ती बाहेर आली. उरलेले मासे आत आणू या म्हणाली, टाकीत हीटर लावते.

"मासे आहेत की जावई, गरम पाणी काढायला?" सासरे कसेबसे हसले. पण जाळी त्यांनी उचलली.

मासे टाकीत गेले. तिने हीटर एकदम न वाढवता जरा जरा करून वाढवला. सासरे बघत राहिले. तुला एवढं कळतं, म्हणाले, आणि मी आपला अडाणी, आधी तुलाच विचारायला हवं होतं. त्यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर तिला सोसलं असतं.

"तुमचं काही चुकलं नाही, बाबा. रोग लाल्याच्या अंगात होता. दुकानदाराने मला सांगितलं होतं."

सासरे हातातली जाळी बादलीवर धरून निथळवत राहिले. जाळीतलं पाणी कधीच निथळून गेलं होतं.

लेक काचेला नाक लावून उभी होती. तिने मान वळवली.

"पण लाल्याला हौदात सोडताना आजोबांनी तुला विचारलं होतं ना आई, हा बरा आहे ना म्हणून? मग तू हो का म्हणालीस?"