अल्सीडचं गाणं कुणी चोरलं?

माझा संशय पहिल्या दिवशीच ओविदवर गेला. सख्खा दीर असला म्हणून काय झालं? रेडिओवर डॅल्टन फुसेलिएची नवी तबकडी लावली होती. हा आमच्याच खाडीकाठचा पोरगा, आता अख्ख्या लुइझियानात नाव काढलेला. दलदलीतला रॉक म्हणे, ब्लूज म्हणे. गिटार नुसती गुरगुरत होती. तिसरं गाणं लागलं आणि मासे साफ करता करता माझा हात थांबला. गळक्या होडीचं गाणं! माझ्या नवऱ्यानं, अल्सीडनं रचलेलं. तो गेल्यावर माझ्याकडे त्याचं म्हणून एवढंच उरलं होतं. कागदावर कधी उतरलं नाही. येत होतं फक्त मला नि ओविदला.

लगेच फोन फिरवला. "भावजी, भावाचं गाणं विकताना लाज नाही वाटली?"

"काय बोलताय वहिनी! त्या डॅल्टनला मी वर्षभरात बघितलासुद्धा नाही."

"मग काय बेडकांनी शिकवलं त्याला? चोर आहात तुम्ही!"

त्यानं फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात चर्चमध्ये त्याच्या पायात नवे बूट दिसले. झालं, माझी खात्रीच पटली. तोही माझ्याकडे यायचा बंद झाला.

महिन्याभरानं, भर दुपारी डॅल्टन स्वतः तबकडी घेऊन दारात उभा. "काकू, आधी विचारायला हवं होतं, चुकलो. पण हे बघा, मागं अल्सीडकाकांचं नाव छापलंय."

मला कुठलं वाचता येतंय? शाळेत आमची घरची फ्रेंच बोलले म्हणून छड्या खाल्ल्या आणि शाळा सोडली ती सोडलीच. "शिकवलं कुणी? ओविदनंच ना?"

तो चाचरला. "तुम्हीच, काकू. रविवारी तुमच्या टेक्सासच्या बहिणीला फोनवर म्हणून दाखवायचात ना? आपल्या आठ घरांची फोनची तार एकच, कुणीही उचललं की सगळं ऐकू येतं. आई हळूच उचलायची नि मला हाक मारायची."

मेल्यांनो! मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. पण मी तरी कुठं धुतल्या तांदळाची? दुसऱ्यांचं मीही ऐकतेच. आणि मग आठवलं. ओविदला चोर म्हटलं, तेही त्याच तारेवर.

लगेच फोन लावला. "भावजी, चुकलं माझं..."

"थांबा वहिनी," तो म्हणाला. "त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळ्यांना उचलू दे."

मी थांबले. खट्. खट्. कुणाचं तरी पोर रडत होतं.

"हं, बोला आता."

"ऐका सगळे," मी म्हणाले. "ओविद चोर नाही. मी खोटा आळ घेतला त्याच्यावर."

पलीकडे ओविद हुंदके देत होता. तेही सगळ्यांनी ऐकलं.