नूरीच्या कानातला बिल्ला

नूरीच्या कानात बिल्ला मारला त्या दिवसापासून नबीनं बायकोशी बोलणं टाकलं. बीडमध्ये वरातीला पांढरी घोडी म्हटलं की लोक नबीचीच सांगायचे, आणि त्या घोडीच्या कानात आता पिवळा प्लास्टिकचा नंबर लोंबत होता, बाजारातल्या बोकडाला असावा तसा. बिल्ल्याशिवाय विमा नाही, असा कंपनीचा नियम. ज्यानं हा नियम काढला त्याला समोर बसवून आधी त्याचाच कान टोचावा, असं नबीला फार वाटत होतं.

विमा काढायला लावणाऱ्या त्याच्या बायकोचं, शहजादीचं, म्हणणं मात्र सरळ होतं. तिचा दीर मुस्तकीम याची घोडी मागच्या साली कडा गावच्या वरातीत पोटशूळ उठून एका दुपारीत मेली. तेव्हापासून तो दुसऱ्याच्या गॅरेजात पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत बसतो.

"आपलीबी गेली तर काय करताल?" तिनं विचारलं होतं. "तवा काय शान चाटायची हाय?"

म्हणणं खरं होतं, म्हणून नबीला राग जास्त. बिल्ला मारतानाच, कानावर मखमलीची टोपी शिवते, कुणाला दिसायचं नाही, असं ती म्हणाली, तर त्यानं तेही झिडकारलं.

"झाकायला काय चोरी केलीय? दिसू दे सगळ्यान्ला."

आणि पाली गावच्या वरातीत ते सगळ्यांना दिसलं.

दरवेळी वरात निघायच्या आधी नबी लगाम धरून हात जोडायचा. पायाखाली फटाक्यांची लड लावू नका, घर हिच्यावर चालतं, एवढंच मागणं. पिऊन टाइट झालेले वऱ्हाडीही तेवढं ऐकायचे. दया कमी आणि तळतळाटाची भीती जास्त, पण फटाके लांब जाऊन उडवायचे. त्या जोडलेल्या हातांवर नूरी आजवर धडधाकट राहिली होती. शिंगरू असताना तिची आई गेली, तेव्हा नबीनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

या वेळीही आदिनाथ नवरदेव घोडीवर बसला आणि नबीनं हात जोडले. पण नवरदेवाचा चुलता आश्रुबा गावचा पुढारी. त्यानं नूरीचा कान दोन बोटांत धरला आणि सगळ्यांना दाखवला.

"कावून रडतो बे? हिचा तर विमा हाय. आमच्या म्हशीलाबी असलाच बिल्ला हाय."

"हाय आबा, पन जनावर भितंय."

"मेली तर तुझं काय जातंय? पैसे घे, नवी आन. लावा रे लड."

पोरं खिदळली. कुणीतरी पेटती लड थेट नूरीच्या पुढच्या पायांत फेकली. घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली, नवरदेवानं आयाळीला मिठी मारली आणि नबी तिच्या गळ्याला लोंबकळला. लड संपली तेव्हा नूरी लटलट कापत होती. एका पायाचे केस जळून कातडी लाल झाली होती.

"बघ, काय झालं का?" आश्रुबा म्हणाला. "उगं बोंबलत व्हता. लावा दुसरी."

नबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर या असल्या लोकांच्या किती शिव्या त्यानं हसून गिळल्या होत्या.

"उतरा," तो नवरदेवाला म्हणाला.

"आं?"

"खाली उतरा. तुमचाबी विमा आसंलच की. तुमच्या पायात लावू दे दुसरी लड."

डीजे चालूच होता, पण नाचणारे थांबले. आदिनाथ आधीच घाबरलेला, तो मुकाट्यानं उतरला. आश्रुबानं आईबहिणीवरून सुरुवात केली, या भागात तुला पुन्हा वरात मिळाली तर नाव सांगणार नाही, असा दम भरला. नबीनं मान वर केली नाही. घोडी घेऊन तो गर्दीतून चालत निघाला. बिथरलेल्या घोडीच्या मागच्या पायांजवळ कोण जाणार, म्हणून कुणी अडवलं नाही.

घरी शहजादीनं नूरीच्या पायाला खोबरेल लावता लावता सगळं ऐकलं. तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

"माझंच चुकलं. काढून टाका तो बिल्ला."

"न्हाई." बऱ्याच दिवसांनी तो तिच्याशी बोलत होता. "बिल्ला ऱ्हाऊ दे. उद्या खरंच काय झालं तर मला पंक्चर काढत बसायचं न्हाई. तू ती टोपी शिव. दोनी कानाला शिव. आन कुनी इचारलं तर विमा न्हाई म्हनायचं."

"खोटं बोलायचं?"

"खोटंच. घोडी मेली की नबी मेला, असं वाटलं पायजे त्यान्ला. तवाच ते हिला जगू देतेत."

शहजादीनं पेटीतून लाल मखमल काढली. माप घेता यावं म्हणून नबी नूरीचा कान हळूच धरून उभा राहिला. पुढच्या वरातीत पुन्हा हात जोडायचे होते, आणि त्याला सगळ्यात जास्त राग त्या हात जोडण्याचाच येत होता.