खोलीबाहेर गेलेलं बोलणं

वेणूने केबिनचं दार ढकललं तेव्हा डॉक्टर चुरी एका म्हातारीची पाठ तपासत होते. बाहेर सात-आठ माणसं नंबर लावून बसली होती. म्हातारी बाहेर पडेपर्यंत वेणू भिंतीला लागून उभी राहिली. मग खुर्चीवर न बसताच म्हणाली,

"ह्यांना काय सांगितलंत तुम्ही?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. वीस वर्षं ती डहाणूच्या या दवाखान्यात येत होती. तिच्या मुलीला, भाविनीला, पहिलं इंजेक्शन यांनीच दिलं होतं. म्हणूनच गेल्या आठवड्यात बीपी बघताना त्यांनी "झोप का लागत नाही?" असं विचारलं आणि तिच्या तोंडून सगळं निघून गेलं. भाविनीचं लग्न झाल्यापासून वेणूचा नवरा, चिमण, तिच्याशी धड बोलत नव्हता. काही हवं असलं तर आईला सांगायचा, नाहीतर भिंतीला. आता सरळ उठून मसोलीला बहिणीकडे जावं, असं तिला वाटत होतं. हे तिने त्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

आणि परवा ती बांबूवर बोंबील वाळत घालत असताना, सासू आणि शेजारच्या चार बायका यांच्यादेखत, चिमण म्हणाला, "मसोलीला कधी निघतेस? रिक्षा सांगून ठेवतो." बायका हसल्या होत्या.

"खोकला घेऊन आला होता तो," डॉक्टर म्हणाले. "म्हटलं, दोन शब्द सांगावेत. तुमचं बरं व्हावं म्हणूनच."

"मग ते काय बोलले?"

"ते कसं सांगणार, वेणू? पेशंटचं बोलणं बाहेर काढायचं नसतं."

ती दोन्ही हात टेबलावर टेकून वाकली.

"आणि मी कोण होते? भाजी घ्यायला आले होते?"

बाहेरची कुजबुज थांबली. डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

"चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. आणि भरपाई करावी तसं पुढे बोलले, "ऐक. चिमण म्हणाला, की—"

"थांबा."

तिचा आवाज चढला नव्हता, तरी ते थांबले.

"मला नको. त्यांनी तुमच्यापाशी ठेवलंय, ते तुमच्यापाशीच राहू दे. निदान त्यांचं तरी."

ती निघाली ती थेट खाडीवर. चिमण तिघा खलाशांबरोबर जाळं शिवत बसला होता. ती समोर येऊन उभी राहिली, तरी त्याने मान वर केली नाही.

"डॉक्टर सांगत होते, तुम्ही काय बोललात ते," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही. तुम्हीच सांगा."

त्याचा हात थांबला. त्याने खलाशांकडे चोरून पाहिलं.

"घरी बोलू."

"माझं चार बायकांत काढलंत ना? मग इथंच."

तिने एक रिकामा क्रेट पायाने ओढला आणि त्यावर बसली. खलाशी एकेक करून उठले, चहाला जातो म्हणून निघून गेले.

चिमण जाळ्यातली एकच गाठ कितीतरी वेळ चाचपत राहिला.

"पोर गेली. आता तूही जाशील, ह्या भीतीनंच तोंड..." तो म्हणाला आणि अडखळला.

"पुढे?" वेणू म्हणाली.