तिसरा टोल

मिनोचेर दस्तूर अग्यारीत कोसळले त्या दुपारी मी मागच्या ओट्यावर कस्ती, आमचा कमरेचा पवित्र धागा, विणत बसले होते. माझं घर तिला लागूनच आहे, मधे एक भिंत आणि विहीर. दर प्रहराला दस्तूर, आमचे पुजारी, आगीला चंदन वाहतात, आणि प्रार्थनेत ते तीन शब्द आले की एकेका शब्दाला घंटेचा एकेक टोल देतात. वाईट विचारा, नीघ. वाईट शब्दा, नीघ. वाईट कर्मा, नीघ. कळायला लागल्यापासून हे टोल ऐकत आले. पहिल्याला हातातला धागा आपोआप थांबतो, तिसऱ्यानंतर पुन्हा चालू होतो.

त्या दिवशी दोनच टोल झाले.

मी धागा धरून बसून राहिले. दुसऱ्या टोलाचा नाद विरला, घुमटावरची कबुतरं परत येऊन बसली, तरी तिसरा येईना. असं अपुरं मी कधी ऐकलं नव्हतं. जिन्याची शेवटची पायरी अंधारात सापडू नये, तसं झालं.

आमच्यात सगळं तिनातच चालतं. कस्तीचे कमरेभोवती वेढे तीन, दोन्ही टोकांना गोंडे तीन तीन. आमच्यातच कशाला, समोरच्या महादेवाला बेलाचं पान तीन दळांचंच लागतं, आणि खाडीवरचे खलाशी आपल्या माणसाला पुरताना कबरीत तीन मुठीच माती टाकतात. तीनच का, असं लहानपणी मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "दोघं असले की नुसतं भांडण. तिसरा आला की निवाडा होतो."

मी डोक्यावर रुमाल टाकून धावले. आगीच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबले. दस्तूर सोडून त्या उंबऱ्याच्या आत कुणी जात नाही. मिनोचेरजी कुशीवर पडले होते. तोंड वाकडं झालं होतं, घंटेची दोरी अजून हलत होती. वाहिलेलं चंदन जळून संपत आलं होतं, आणि त्यानंतर घालायची बाभळीची मोठी लाकडं दाराबाहेर तशीच रचलेली होती. ती वेळेत पडली नाहीत तर आग विझणार.

मी उंबऱ्यावर पाय ठेवला. माणसाच्या जिवापुढे कसला नियम? पण त्यांनी चांगला हात उचलून मला अडवलं. जीभ जड झाली होती, तरी नाव कळलं.

"बेजन."

बेजन त्यांचा धाकटा भाऊ. दोघांनाही वडिलांनी लहानपणीच दस्तूर केलं होतं, दोघांचे स्पष्ट, गोड उच्चार ऐकायला नवसारीहून माणसं यायची. मग बेजनची रोशनी तापात गेली. नऊ वर्षांची पोर. तिच्यासाठी त्यानं आगीसमोर रात्रंदिवस प्रार्थना केली होती. तिला पोचवून आला आणि त्यानं कमरेची कस्ती सोडली, अग्यारीच्या फाटकाला बांधली, आणि तिथूनच पाठ फिरवली. त्यानंतर वीसेक वर्षं तो नाक्यावर स्कूटर दुरुस्त करत होता. भावाशी बोलणं नाही. माझ्याशी मात्र टिंगल चालायची. "आलामासी, अजून दोरे वळता? पतंगाला तरी द्या, काहीतरी वर जाईल!" मीही सोडत नसे. "तुझी जीभच बांधायला वळतेय, मेल्या."

त्या दिवशी मी नाक्यावर धावत जाऊन हाक मारली तसा तो हातातला पाना टाकून आला. उंबऱ्यावरून सरळ आत शिरला, भावाला बगलेत धरून ओढत बाहेर आणलं. तोवर मिनोचेरजींची बायको पेरीन रिक्षावाल्या ठाकोरला घेऊन फाटकाशी पोचली होती. आम्ही त्यांना कसंबसं आत बसवलं. बेजन शेजारी चढायला गेला, तर भावानं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकललं.

"आग," मिनोचेरजी म्हणाले.

"मरायला टेकलायस, आणि तुला आग सुचते?" बेजन ओरडला. "पोरीला वाचवलं नाही तिनं! तुला वाचवणार आहे?"

पेरीननं त्याचा दंड धरला. एरवी ती मोठ्यानं बोलायचीही नाही.

"भावजी, दवाखान्यात मी जाते. तिथं उचलायला, धरायला कुणीही चालेल. आत तुमच्याशिवाय कुणी चालत नाही."

रिक्षा गेली. बेजन रस्त्यात उभा, हात काळे, बनियनवर ऑइल. मला वाटलं, हा आता दुकानाकडे वळणार. तो विहिरीकडे वळला.

त्यानं अंगावर पाणी घेतलं, भरपूर घेतलं. मी त्याच्या भावाच्या खोलीतून धुतलेला सद्रा आणि पांढरा जामा आणून ठेवला. कस्ती मात्र माझ्या घरातली दिली, आदल्याच आठवड्यात पुरी झालेली. त्यानं ती हातात घेतली आणि नुसता बघत राहिला.

"आठवत नसेल मला."

"बांधून तर बघ."

त्यानं डोळे मिटले. हात आपसूक चालू लागले. पहिला वेढा, दुसरा, पुढची गाठ, तिसरा, मागची गाठ. बोटं एकदाही अडखळली नाहीत. त्याचे ओठही हलू लागले होते, हे त्याला स्वतःला कळलं नसावं. आगीला श्वास लागू नये म्हणून तोंडावर पांढरं फडकं बांधून तो उंबऱ्याशी आला आणि मागे वळला.

"दोन टोल झालेत ना?"

"दोनच."

"तीन तिघाडा, काम बिघाडा," तो पुटपुटला. हसला नाही. "पहिल्यापासून सुरू करू की राहिलेला एकच देऊ?"

"मला काय विचारतोस? दस्तूर तू की मी?"

त्यानं आतल्या दोरीकडे बघितलं. मग म्हणाला, "विचार आणि शब्द दादानं हाकलले. ते हाकलले गेले. कर्म राहिलंय. ते माझंच असणार."

आणि तो आत गेला.

त्या खोलीत दिवा नसतो. आगीचाच काय तो उजेड, आणि तोही आता राखेआड एका लाल डोळ्याएवढा उरला होता. बेजननं चिमट्यानं राख सारली, बाभळीचं एक लाकूड ठेवलं, मग दुसरं. काही झालं नाही. धूर सरळ वर गेला. त्यानं तिसरं लाकूड त्या दोन्हींवर आडवं टेकवलं, आणि त्या तिन्हींच्या मधल्या पोकळीतून ज्योत वर आली. सावकाश, कुणी बसलेलं माणूस उठून उभं राहावं तशी. भिंती उजळल्या, घुमट उजळला, त्याचे ओले केस उजळले. चंदन ठेवताना त्याचा आवाज चढला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तो वडिलांचा आवाज होता! चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा, त्याच जागी घ्यायच्या त्याच श्वासासकट.

मग त्यानं दोरी ओढली.

तो टोल मी कानांनी ऐकला असं म्हणवत नाही. उंबऱ्यावर टेकलेल्या माझ्या कपाळातून तो शिरला आणि गुडघ्यांतून जमिनीत गेला. या गावात ही आग आणणारे, तिच्यासाठी लाकूड वाहणारे, तिच्यासमोर रडलेले, माझी आई, माझा नवरा, ती रोशनी, सगळे त्या एका आवाजात उभे आहेत असं मला वाटलं. मी म्हातारी बाई आहे, मला भास होतात म्हणा हवं तर. पण नाद थांबल्यावर इतकी शांतता पसरली की तिच्यात बोट बुडवावं. देव आहे का, हा प्रश्न मला त्या वेळी पडलाच नाही. पडायला जागाच उरली नव्हती.

तो बाहेर आला तेव्हा फडकं भिजलं होतं. घामानं म्हणाला. मी ओट्यावर पुदिन्याचा चहा करून दिला. त्यानं कप दोन्ही हातांत धरला.

"मासी, आपल्यात क्रम काय? आधी विचार, मग शब्द, मग कर्म. बरोबर?"

"बरोबर."

"माझं उलटं झालं. आधी हातच चालले. मग तोंडातून शब्द आले." त्यानं चहाचा घोट घेतला. "विचार अजून आलेला नाही. येईल का, माहीत नाही. पण शेवटचं लाकूड टेकवलं ना, तेव्हा वाटलं, कुणीतरी त्याची वाट बघतंय. माझ्याआधीपासून."

"मग?"

"मग काय? आता पुढची वेळ सूर्य बुडाल्यावरची ना? दुकान बंद करून येतो."

मिनोचेरजी वाचले. उजवी बाजू गेली ती गेलीच. आता ते चाकांच्या खुर्चीत बसून भावाचे उच्चार सुधारतात, आणि बेजन "जीभ तुझी वाकडी, चुका माझ्या काढतोस," म्हणून भांडतो. पुढे नवसारीचे एक मोठे विद्वान येऊन गेले. म्हणाले, तो विधी पहिल्यापासून करायला हवा होता. असेल. त्यांना चहा दिला, आणि जाताना दोघा भावांनी मिळून फाटकापर्यंत पोचवलं. एकानं खुर्ची ढकलली, दुसऱ्यानं छत्री धरली.

बेजन स्कूटरी अजून दुरुस्त करतो. विचार आला का, हे मी त्याला विचारलेलं नाही. पण परवा रोशनीच्या तिथीला तो चंदनाचा लहानसा तुकडा खिशातून काढून आत घेऊन गेला. बाहेर आल्यावर पतंगाचं नाव न काढता माझ्या ओट्यावर बसून विणकाम बघत राहिला.