तीस रुपयांचा जमादार

तीस रुपये पगार होता म्हणे! आमच्या अब्बांच्या आज्याला, शंभर वर्षांखाली, शहर पोलिसात जमादार असताना. लग्न होऊन आल्यापासनं चोवीस वर्षं हेच ऐकतेय मी. पौडात आमचं आडनावच जमादार. उरुसात दर्ग्यावर चढवायच्या चंदनाचं, संदलचं ताट पहिलं आमच्या घरच्या माणसाच्या डोक्यावर. माझे सासरे शब्बीर जमादार, वय अठ्ठ्याहत्तर, ते ताट उचलताना छाती अशी काढतात की बघत राहावं.

आणि कागदात काय निघालं? "महंमद हुसेन मुलाणी, राहणार पौड. शिपाई, चौथा दर्जा. पगार रुपये नऊ." एकोणीसशे बाराचं पगारपत्रक. माझ्या मालकांनी, फिरोजनी, पुण्याला सात खेपा घातल्या तेव्हा ते हाताला लागलं.

माझ्या सायमाला सरकारी कॉलेजात नर्सिंगची जागा लागलीय, मुलाणी म्हणून, ओबीसीतनं. जात पडताळणीचा दाखला परवा पाचच्या आत दिला न्हाई तर जागा गेली. आमच्याकडं मुलाणी लिहिलेला जुना कागद हा एवढा एकच. बाकी सगळीकडं नुसतं जमादार, जात मुसलमान. आणि अब्बांनी काय करावं? वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात आपल्या हातानं लिहून ठेवलं, "आजोबा पोलीस जमादार, पगार रुपये तीस." कुणी विचारलं होतं का तुमाला? कागद एक म्हणतोय, म्हातारा दुसरंच. म्हणून घरी चौकशी लागली.

सकाळी चहा देतानाच हात जोडले मी. "अब्बा, शिपाई म्हणा. एकदाच म्हणा. पोरीचं आयुष्य हाय."

"माझ्या आज्याला शिपाई म्हणू?" एवढंच बोलले आणि कप तसाच ठेवला.

अकराला चौकशीच्या बाई आल्या. पोलीस निरीक्षक, साध्या कपड्यात. पंच म्हणून शेजारचे नथूअण्णा येऊन बसले. सायमा दाराला टेकून उभी, तोंडावर रक्त न्हाई पोरीच्या.

बाईंनी विचारलं, "आजोबा, तुमचे आजोबा पोलिसात कोण होते?"

अब्बांनी नथूअण्णांकडं पाहिलं. "जमादार."

अगं आई गं!

बाईंनी लिहून घेतलं. "जमादारांची यादी वेगळी असते. तीत हे नाव नाही. मग हा चौथ्या दर्जाचा शिपाई तुमचा कुणी नाही, असंच धरावं लागेल मला."

"धरू नका हो बाई!" मी ओरडलेच. नथूअण्णा बसल्यात, सून हाय मी, काही भान राहिलं न्हाई. "अब्बा, कुणासाठी राखताय ती जमादारी? पोरगी मेली तरी चालंल का तुमाला?"

सायमा रडायला लागली. आवाज न्हाई, काही न्हाई, नुसती उभ्या उभ्या. अब्बा तिच्याकडं बघत राहिले. मग मान खाली घातली.

"शिपाईच होता," ते म्हणाले. "नऊ रुपये. दर्जा कधी वाढला न्हाई त्याचा. पेन्शन न्हाई. परत आला गावात आणि पुन्हा सुरी घेतली."

"कसली सुरी?"

"मुलाण्याची. दसऱ्याला गावात बकरी कापायची. मी आठ-नऊ वर्षांचा. पाय धरायचो बकऱ्याचे. आजा बिस्मिल्ला म्हणायचा. अंगात पोलिसातला जुना कोट. पोरं चिडवायची, जमादार आला, जमादार आला. चेष्टेतलंच नाव ते. माझ्या बापानं शाळेत तेच लावलं. मी त्याला तीस रुपये पगार लावला."

चोवीस वर्षांत हे आमाला ठाऊक न्हाई!

"कुणाच्या वाड्यात कापायचे? कुणी सांगू शकेल?" बाईंनी विचारलं.

नथूअण्णा खाकरले. "आमच्याच. मुंडी यांच्या घरी जायची, मानाची. मीच न्हेऊन द्यायचो." आणि हळूच म्हणाले, "मला ठाऊक हुतं रं, शब्बीर."

ठाऊक होतं! सत्तर वर्षं ठाऊक होतं, आणि दर उरुसाला याच माणसानं ताटाला हात लावून अब्बांच्या डोक्यावर चढवलं.

बाईंनी पहिलं उत्तर खोडलं न्हाई. खाली दुसरं लिहिलं. "दोन्ही जातील. अहवाल आज संध्याकाळीच देते. पुढं समितीच्या हातात." आणि जबाब अब्बांपुढं सरकवला. "सही करा. पूर्ण नाव."

अब्बा जुनी सातवी शिकलेले. बँकेत, ग्रामपंचायतीत त्यांची झोकदार सही सगळ्यांना माहीत, शब्बीर जमादार म्हणून. त्यांनी पेन उचललं. कागदावर टेकवलं.

मग पेन खाली ठेवलं त्यांनी आणि बाईंपुढं डावा अंगठा केला.

बाईंनी शाई लावून ठसा घेतला. मी पुसायला फडकं दिलं, ते घेतलं न्हाई. शाईचा अंगठा मुठीत दाबून बसून राहिले.