तांब्याचे झाकण

सिप्रियानाने दारू गाळायच्या हंड्याच्या नळीच्या मुखाखाली तळहात धरला. थेंब पडला नाही. तिने हात तसाच धरून ठेवला, जणू प्रतीक्षेनेच धार परत येणार होती.

"धार मंदावली की लाकूड घालायचं," मागून तिचा थोरला भाऊ लेओकादिओ म्हणाला. "आजोबांपासून हेच चालत आलंय. तू नवं झाकण आणलंस म्हणून आगीनं रीत बदलायची का?"

बोलता बोलता त्याने ओकची दोन जाड लाकडे भट्टीत सरकवली.

हंडा पूर्वीचाच होता. आजवर त्याच्या झाकणाची सांध चिखलाने लिंपीत, आणि मेस्काल दारूचा कितीतरी अंश त्या लिंपणातून झिरपून दरीतल्या वाऱ्याला अर्पण होई. त्या हानीने व्यथित होऊन सिप्रियानाने तांबटाकडून पेचांनी आवळायचे झाकण घडवून घेतले होते. आज वाफेचा कणही बाहेर जात नव्हता. भाजून, कुटून आंबवलेल्या माग्वे घायपाताचा रस मात्र रीतीप्रमाणे चोथ्यासकट आत ओतला होता.

हंड्याच्या पोटात काहीतरी घुमू लागले. त्या तांब्याचा असा स्वर तिने कधी ऐकला नव्हता.

"दादा, लाकडं बाहेर काढ."

"आत्ताच तर घातली! तुझं म्हणजे ना, घटकेत एक—"

"नळीत चोथा अडकलाय. वाफेला वाट नाही. काढ आधी!"

लेओकादिओच्या ओठांवरचे हसू विरले. झाकणाचा एक पेच किंचित थरथरत होता. त्याचा हात पान्याकडे गेला.

"जरासा सैल करतो."

"चेहरा भाजून निघेल तुझा. हात लावू नकोस!"

दोघांनी जळती लाकडे ओढून काढली, निखाऱ्यांवर माती लोटली. तिने ओली पोती झाकणावर भिरकावली. तरी भट्टीच्या दगडांत मुरलेली उष्णता निवेना. माग्वे कुटण्याच्या दगडी चाकाआड ती भावाचा सदरा मुठीत धरून बसली. तिने देवमातेची प्रार्थना आरंभली. पहिल्या चरणापुढचे शब्द आठवेनात.

घुमणे चढत गेले. मग दबका आवाज झाला, नळीतून चोथ्याचा बोळा सुटला आणि खालचे मडके फुटले. वाफाळती धार सुसाट बाहेर पडली. हळूहळू हंडा शांत झाला.

"पुढल्या खेपेला रस गाळून घालू," सिप्रियाना म्हणाली. "नळीही रुंद करून घेऊ. ऐकतोयस ना?"

लेओकादिओ आपल्या तळहातांकडे पाहत होता.

"भाजलं का रे?"

"सकाळी रुतिलिओकडे गेलो होतो," तो म्हणाला. "तुझं पाहून त्यानंही असंच झाकण करून घेतलंय. त्याला पेच आवळता येईनात. मीच दिले आवळून. अंगात होतं तेवढं बळ लावून."

सिप्रियाना उठली. दरीपलीकडे रुतिलिओच्या भट्टीचा धूर सरळ वर चढत होता. तिने त्याचे नाव घेऊन हाक मारली. हाक कड्यावर आपटून तिच्याकडेच परतली. ती उतारावरून धावत सुटली, काटेरी माग्वेंच्या ओळींतून, अनवाणी.

दरीच्या तळाशी श्वास घ्यायला ती क्षणभर थांबली. दुपार निःशब्द होती. पलीकडे भट्टीपाशी कोणीतरी संथ लयीत लाकडे फोडत होते.